गुरुवारचे नळ

दर गुरुवारी सकाळी आठ वाजता आमचे हे सतरा चाव्यांचा जुडगा खिशात घालून निघतात आणि इमारतीतल्या सतरा रिकाम्या घरांतले नळ सोडून येतात. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण माझ्यासाठी हे कधी एवढ्या वेळेवर कुठे पोहोचले असतील तर शपथ.

हे प्लंबर. मी बेसिनच्या कारखान्यात तपासणीला होते. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक बेसिनवर लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचं. आवाज खणखणीत आला तर माल पुढे, बद्द आला तर बाजूला. अख्खं गाव त्या बेसिनांवर जगलं. नऊ वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला आणि गाव हळूहळू रिकामं होत गेलं. आधी तरुण गेले, मग त्यांची पोरं सांभाळायला त्यांचे आईबाप गेले. आमच्या चार मजली इमारतीत चोवीस घरं आहेत आणि माणसं उरली सात घरांत. ह्यांचा धंदा बसला तो बसलाच. जिथे कुणी राहतच नाही तिथे नळ गळून गळणार तरी कुणाचा?

न्हावी असो, शिंपीण असो, जाताना प्रत्येकजण चावी ह्यांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "जरा लक्ष असू द्या." लोक असं बोलायचं म्हणून बोलतात. आमच्या ह्यांनी ते मनावर घेतलं. मोरीच्या जाळीखाली नळीला एक वळण असतं, त्यात पाणी साचून राहतं आणि ते गटाराचा वास अडवतं. घर बंद राहिलं की ते पाणी सुकतं, मग वास वर येतो, झुरळं येतात. म्हणून दर आठवड्याला नळ सोडायचे. हे सगळं मला इतक्यांदा ऐकवलंय की मीसुद्धा आता कुणाच्याही घरचं काम काढीन.

सतरावी चावी आमच्या मुलाच्या घराची. आमच्या समोरचंच दार. कारखान्यात फिटर असताना त्याने ते घेतलं होतं, आणि सहा वर्षांपूर्वी दुसरीकडे नोकरी मिळाली तसा बायकोला घेऊन गेला. त्या घरात मी तेव्हापासून पाऊल टाकलेलं नाही. दाराशी जाते आणि परत फिरते. मला जमत नाही, एवढंच.

तर यंदा नगरपालिकेने नवीन टूम काढली. ज्या इमारतीत निम्म्याहून कमी घरांत माणसं आहेत ती रिकामी करून पाडायची, आणि राहणाऱ्यांना त्या बदल्यात इस्पितळाजवळ घरं द्यायची. समोरच्या इमारतीला पत्र आलं, मागच्या इमारतीला आलं, आम्हाला नाही. माझे गुडघे तिसऱ्या मजल्याला कंटाळलेत, पण माझं सोडा. तळमजल्यावरची लॉन्ड्रीवाली रडायची बाकी होती. ती इस्पितळाच्या लॉन्ड्रीत चादरी धुते. नवरा परगावी कामाला, घरात अर्धांगवायू झालेला सासरा. दोन बस बदलून जाते, तेव्हा म्हातारा सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत एकटा. त्यात पहिली बस पुढच्या वर्षी बंद होणार. इस्पितळाजवळ घर मिळालं तर दुपारी येऊन त्याला भरवून तरी जाईल.

"काकू, तुम्ही चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "मला नगरपालिकेतल्या साहेबांशी बोलता येत नाही."

मला येतं. बुधवारी सकाळी आम्ही दोघी कचेरीत गेलो. टेबलामागे एक कोवळा कारकून होता, त्याला मी उभ्याउभ्याच फैलावर घेतलं. सात घरांची इमारत तुम्हाला भरलेली दिसते का, चष्मा लागलाय की डोळेच नाहीत, वगैरे वगैरे. बिचाऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला.

"मावशी, तुमच्या इमारतीत चोवीसच्या चोवीस घरांत पाणी वापरलं जातंय."

"कोण म्हणतं?"

"मीटर म्हणतात. वापर थोडा आहे, पण दर आठवड्याला आहे. शून्य वापर दिसला तरच आम्ही घर रिकामं धरतो."

अडतीस वर्षांत कुणाला जमलं नव्हतं ते त्या पोराने केलं. माझी बोलती बंद झाली.

"उद्याचा दिवस सोडून परवा मीटर वाचायला माणूस येईल," तो म्हणाला. "तिथून पुढे तीन महिने रिकाम्या घरांत खरोखर कुणी पाणी वापरलं नाही, तर इमारतीचं नाव पाडायच्या यादीत येईल."

बाहेर येऊन आम्ही बसथांब्यावर बसलो. गुरुवारचे नळ तिलाही ठाऊक होते, सगळ्या इमारतीला ठाऊक होते. ती बोटांवर रिकामी घरं मोजत बसली. मग एकदम हसायला लागली. मग मीही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो दोघी. हसू ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, "काकू, काकांना काही बोलू नका हं. त्यांना वाईट वाटेल."

हे मात्र माझ्या काळजाला लागलं. म्हातारा बारा तास एकटा ठेवणारी ही पोरगी आमच्या ह्यांना वाईट वाटेल म्हणून इस्पितळाजवळच्या घरावर पाणी सोडायला निघाली होती.

मी अर्थातच बोलले. चप्पल काढायच्या आधी बोलले. हे पान्याला तेल लावत बसले होते. सगळं ऐकलं आणि म्हणाले, "यादीत गेलेली इमारत पाडतात ना?"

"पाडतात."

"लोकांनी विश्वासाने चाव्या दिल्यात गं. उद्या कुणी परत आलं तर?"

"नऊ वर्षांत कोण आलंय? न्हावी आला? शिंपीण आली? सणासुदीला साधा फोन तरी येतो का त्यांचा?"

"मी शब्द दिलाय."

"आणि खालच्या पोरीला कुणी दिलाय शब्द? तिचा म्हातारा दिवसभर ओल्या कपड्यात पडून असतो. तो काय तुमच्या नळाच्या पाण्यावर जगतो?"

एवढं बोलायला नको होतं. ह्यांचा चेहरा पडला. पाना कपड्यात गुंडाळून ठेवला आणि दुपारी जेवणाच्या ताटावरून अर्ध्यातून उठले. मला आवाज ऐकायची सवय आहे, तडा गेलेलं भांडं मला न बघता कळतं. त्या दिवशी ह्यांच्या "पोट भरलं" मध्ये तो तडा होता.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. आठ वाजले, सव्वाआठ झाले, हे खुर्चीतच. जुडगा समोर टेबलावर. मला वाटलं होतं मी जिंकले की बरं वाटेल. कसलं काय, मी चार वेळा घड्याळ बघितलं. साडेआठला हे उठले, स्वयंपाकघरात गेले आणि खाद्यतेलाची बाटली घेऊन निघाले.

"तेल कुठे?"

"चल, दाखवतो."

मी गुडघे सांभाळत मागे गेले. न्हाव्याच्या घरात ह्यांनी पान्याने मुख्य कॉक आवळून बंद केला आणि मोरीच्या जाळीत दोन चमचे तेल ओतलं. "पाण्यावर तेलाचा थर बसला की पाणी सुकत नाही," म्हणाले. "चार-सहा महिने वास येत नाही."

मी कमरेवर हात ठेवले. "म्हणजे इतकी वर्षं दोन चमचे तेलात काम भागलं असतं?"

"भागलं असतं."

"आणि तुम्ही दर गुरुवारी..."

"चल, सोळा घरं आहेत अजून," असं म्हणत हे पुढच्या दाराशी पोहोचलेसुद्धा.

न्हाव्याचं, शिंपिणीचं, दोघा ट्रकवाल्या भावांचं, माझ्याबरोबर तपासणीला असलेल्या मैत्रिणीचं, अशी सोळा घरं आम्ही तेल ओतून बंद केली. मैत्रिणीच्या घरात ह्यांनी खिडकीची धूळही पुसली. मी फडका झटकून दिला. सोळावं घर झालं तेव्हा दहा वाजले होते. एरवी नळ सोडून घरी यायला ह्यांना एक वाजायचा. जेवण गार झालं म्हणून मी दर गुरुवारी कटकट करायचे.

सतरावं दार ह्यांनी उघडलं आणि मला आत ये म्हणाले नाहीत, नुसते बाजूला झाले. मी उंबरा ओलांडला. घर लख्ख होतं. स्वयंपाकघरात नळाजवळ एक स्टूल होतं. खिडकीत ह्यांचा जुना चष्मा, गेल्या आठवड्याचा पेपर, आणि माझ्याच घरातून दोन वर्षांपूर्वी हरवलेला कप.

"इथे बसता तुम्ही?"

"बसतो जरा. नळ सोडला की आवाज येतो ना घरात. कुणीतरी काहीतरी विसळतंय असं वाटतं." मग म्हणाले, "तेल ओतलं असतं तर यायला कारण काय राहिलं असतं?"

मी तो कप उचलला. ह्या माणसाला मी कंजूष म्हटलं असेल, हट्टी म्हटलं असेल, रिकामटेकडा तर हजारदा. दर गुरुवारी हा इथे तीन तास एकटा बसत होता, आणि मी दहा पावलांवर पोळ्या लाटत होते.

ह्यांनी मुलाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. इमारत पाडणार, तुझं घर जाईल, तुझं काय म्हणणं, असं एका दमात सांगितलं. पलीकडे कुठलंसं दार लावल्याचा आवाज आला.

"बाबा, बंद करा नळ," तो म्हणाला. "मी नाही येणार परत. आम्ही इथे घर घेतलंय, दोन वर्षं झाली. सांगायचं होतं. पण तुम्ही दर गुरुवारी फोन करून म्हणायचात, तुझा नळ सोडला रे. मग माझ्या तोंडून निघायचंच नाही."

हे खिडकीबाहेर बघत होते. "किती खोल्या?"

"तीन. एक तुमची आहे."

"बरं, बरं. जेवलास का?"

"बाबा, साडेदहा वाजलेत."

"मग नाश्ता तरी कर," म्हणून ह्यांनी फोन ठेवला.

नळ एकदा पूर्ण सोडला. पाणी धो धो आलं. मग पाना कॉकला लावला, आणि ह्यांचा हात तिथेच राहिला. आयुष्यभर लोकांचे गंजलेले कॉक फिरवणारा माणूस, पण हा फिरवता येईना. मी पान्याला हात घातला. माझ्या एकटीच्या जोराने तो हलेना, तेव्हा ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. दोघांनी मिळून फिरवला. धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही नाही. ह्यांनी जाळीत दोन चमचे तेल ओतलं. पाडणार त्या घरात तेल कशाला, असं मी विचारलं नाही.

मी त्या स्टुलावर बसले आणि मला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने, हुंदके देऊन. सहा वर्षांचं साठलेलं होतं.

हे गडबडले. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "अगं, तुलाच जायचं होतं ना?"

"होतं," मी म्हणाले. "जायचंच आहे. पण थोडा वेळ बसू द्या."