अर्जातली सातवी ओळ

दुसऱ्या वर्षाला असतानाच ज्याचं ठरलं नाही त्याचं पुढे काही खरं नाही, असं आमच्या लॉ कॉलेजच्या करिअर कक्षातल्या मॅडम सांगायच्या. मी तिसऱ्या वर्षाला होते आणि माझं काहीच ठरलेलं नव्हतं. मोठ्या वकिली कंपन्या निकालाच्या दोन वर्षं आधीच मुलं उचलतात. वर्गातल्या निम्म्यांच्या काका-मामांची स्वतःची ऑफिसं होती. माझ्या आईचं झेरॉक्सचं दुकान होतं.

एकेचाळीस ठिकाणी अर्ज केले. प्रती आईच काढायची, त्यामुळे नकार लपवायचीही सोय नव्हती; नवी प्रत मागितली की तिला कळायचंच. "अक्कल गहाण टाकलीय मेल्यांनी," म्हणत ती मशीनचं झाकण आपटायची. एकदा भर गिऱ्हाइकांत म्हणाली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

शेवटी करिअरवाल्या मॅडमकडे गेले. त्यांनी माझा अर्ज लाल पेनाने रंगवला आणि सातव्या ओळीवर येऊन थांबल्या. तिथे मी लिहिलं होतं, 'वकिलांच्या ऑफिसात वर्षभर मदत केली.'

"मदत म्हणजे काय? फायलींवरची धूळ झटकलीस? असं मोघम लिहिणाऱ्याला कोण दारात उभं करेल? दावा कसला, मसुदा कसला, नेमकं लिही. आणि विचारलं तर धडाधड सांगता आलं पाहिजे."

मी नेमकं लिहिलं. 'परिचारिकेला बेकायदा कामावरून काढल्याच्या दाव्यात तडजोडीचे दोन्ही मसुदे तयार केले.' नाव कुणाचंच घातलं नाही, म्हणजे आपण केवढ्या शहाण्या, असंही वाटलं.

ते मसुदे मी खरंच केले होते. वकीलबाईंच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी संध्याकाळी बसायचे. ती परिचारिका त्यांची अशील. आम्ही तिला सिस्टरच म्हणायचो. वॉर्डात तीस रुग्णांमागे एकटी आहे असं तिने लेखी कळवलं, म्हणून हॉस्पिटलने तिला काढून टाकलं होतं. पेन्शनला दीड वर्ष कमी पडत होतं. पहिल्या मसुद्यात आमची मागणी सरळ होती, तिला कामावर परत घ्या. दुसरा मसुदा कपाटात होता. सगळंच फसलं तर नोकरी नको, निदान चांगल्या वर्तणुकीचा दाखला द्या, म्हणजे दुसरीकडे कुठेतरी काम मिळेल, असा. तो बाहेर काढायची वेळ येणार नाही असं वकीलबाईंना वाटत होतं, कारण हॉस्पिटल नरमलं होतं.

बेचाळिसाव्या ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं. काचेची खोली आणि समोर बाह्या दुमडलेले एक साहेब. पहिली दहा मिनिटं त्यांनी मान वर केली नाही. म्हटलं, हेही गेलं. मग त्यांचं बोट सातव्या ओळीवर थांबलं.

"दोन मसुदे कशाला?"

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी विचारलं होतं. मी सुटलेच. पहिला मसुदा दाखवायचा, दुसरा राखून ठेवायचा, अशील आतून किती खचली आहे, ती शेवटी नुसत्या दाखल्यावरही मानेल, सगळं सांगितलं. "नोकरीची किती वर्षं झाली तिची?" त्यांनी विचारलं. तेही सांगितलं. त्यांनी टिपून घेतलं. आपलं लक्षपूर्वक ऐकतायत म्हणून मी मनातल्या मनात हवेत होते. काय म्हणावं मला!

तिसऱ्या दिवशी त्यांचं पत्र आलं. जागा पक्की. आई दुकानातच रडली आणि मी नको नको म्हणेपर्यंत तिने पत्राला लॅमिनेशन करून टाकलं. ते घेऊन मी धावतच वकीलबाईंकडे गेले आणि बाहेरच्या खोलीत कोण बसलंय हे न बघताच आत शिरले.

बाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. पुढ्यात एक पत्र होतं.

"परवापर्यंत हॉस्पिटलवाले सिस्टरला परत घ्यायला तयार होते गं. मग त्यांनी वकील बदलला आणि आज हे. नोकरी नाही, फक्त चांगल्या वर्तणुकीचा दाखला. आपल्या कपाटातलं यांना कसं कळलं?"

त्या पत्राच्या डोक्यावर वकिली कंपनीचं जे नाव छापलं होतं तेच माझ्या हातातल्या पत्रावर होतं. गप्प बसावं, कोणाला काय कळणार आहे, हा विचार मनात आला. आला, हे कबूल करते. पण बाईंची नजर तोवर माझ्या हाताकडे गेली होती.

मी सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत, त्याने मी जास्तच घाबरले.

"पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी तुला?"

"अशिलाचं या खोलीबाहेर न्यायचं नाही."

"नाव गाळलं की झालं, असं वाटलं तुला. हॉस्पिटल त्याच्याकडे आधीच गेलेलं असणार; नोकरीची वर्षं ऐकून त्याने ओळखलं असेल." त्यांनी डोळे मिटले. "त्या माणसाने तुला तिथेच थांबवायला हवं होतं. काय घडलं ते तू लिहून दे, मी तक्रार करते. त्याला हा दावा सोडावा लागेल. पण तुझी ही जागा जाईल. आणि हे क्षेत्र फार लहान आहे, बाकीचेही तुला घेताना दहादा विचार करतील."

"सिस्टरला नोकरी परत मिळेल?"

"हॉस्पिटलला कळायचं ते कळलंय. ते आता कशाला देतील?"

म्हणजे माझं जाणार होतं आणि तिचं येणार नव्हतं. तरी मी लिहून दिलं. आईला काय सांगू, हा एकच प्रश्न डोक्यात घण घालत होता.

"आता तिला तू सांग," बाई म्हणाल्या. "बाहेरच्या खोलीत बसलीय. मी सांगणार नाही."

सिस्टर बाकावर ताठ बसली होती, वॉर्डात बसत असेल तशी. मला बघून तिचा चेहरा खुलला.

"लागली म्हणे नोकरी? तू वाटेत असताना तुझ्या आईने बाईंना फोन केला होता. बरं झालं गं बाई, एकीचं तरी मार्गी लागलं."

मी तिच्या शेजारी बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. काहीही गाळलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होती. मी माफी मागितली, ती तिला ऐकू गेली की नाही कोण जाणे.

मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"नुसत्या दाखल्यावरही भागवीन, हे मी घरीसुद्धा बोलले नव्हते गं," ती म्हणाली. "नवऱ्यालाही नाही. फक्त तुम्हा दोघींना सांगितलं होतं."