शेजाऱ्यासाठी ब्रश

रंगकामातलं आपल्याला सगळं कळतं, असं वेंडेल कोपेकीला चाळीस वर्षं वाटत होतं. त्याला कारण एकच, आजवर कुणी त्याला काही विचारलंच नव्हतं.

म्हणूनच डुलुथमधल्या रंगाच्या दुकानात आयरीनबाईंनी "रंग पाण्याचा की तेलाचा?" असं विचारलं, तेव्हा तो उखडला. "अहो, मी काय आज पहिल्यांदा घर रंगवतोय? सगळ्यात भारी ब्रश काढा!"

बाईंनी डुकराच्या केसांचा महागडा ब्रश काढून दिला.

घरी वेंडेलने तो ऐटीत पाण्याच्या पिवळ्या रंगात बुडवला. अर्ध्या तासात केस पाणी पिऊन फुगले आणि ब्रशाचं ओलं पोतेरं झालं. खिडकीच्या चौकटीवर सरळ रेघ ओढायला जावं, तर ती काचेवर जाऊन बसे. चाळीस वर्षांचा अनुभव म्हणे! त्याला स्वतःचंच हसू आलं, पण दुकानात जाऊन हे कबूल करण्याइतकं नाही.

"माझा शेजारी आहे ना, गस," दुसऱ्या दिवशी तो बाईंना म्हणाला, "त्याला ब्रशातलं ओ की ठो कळत नाही हो. पाण्याच्या रंगाला डुकराचे केस घेऊन बसलाय. त्याच्यासाठी नायलॉनचा द्या."

बाईंनी ब्रश पुढे केला. "गस सकाळीच एक घेऊन गेला. अडाणी शेजाऱ्यासाठी म्हणाला." मग वेंडेलकडे नीट बघून त्या म्हणाल्या, "त्याच्याही कानाला असाच रंग लागला होता."