कॅरेटवरचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे आणि सध्या माझा मुक्काम स्वयंपाकघरातल्या फळीवर, लसणाच्या टोपलीशेजारी आहे. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे. पाठीचं झाकण निसटू नये म्हणून मला रबर लावलं आहे, तेही सांबाराच्या जुडीचं. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. आमच्या वाशिमकडे तिला सांबारच म्हणतात. चार्जिंग टिकत नाही, हे खरं. पण आठवण टिकते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते कारंजा लाडच्या एका दुकानात. जगदेवभाऊंनी मला उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "पडला तं फुटत नाही ना?" अहो, पडल्यावर काय होतं ते मी पुढे जवळजवळ दर आठवड्याला अनुभवलं!

जगदेवभाऊंचा कामरगावजवळ भाजीचा मळा आहे. वांगी, टमाटे, मिरची आणि सांबार. मी घरी आलो तेव्हा त्यांच्या पत्नी उज्ज्वलाताईंनी मला हळदकुंकू लावलं आणि कुंकू नेमकं कॅमेऱ्यावर लागलं. काही दिवस आमच्या मळ्यातली वांगीसुद्धा लाल दिसत होती. पण कौतुक म्हणजे काय कौतुक! रुमालात गुंडाळून ठेवायचे मला. सकाळी भाऊंच्या खिशात बसून मी मंडीत जायचो, दुपारी विहिरीच्या मोटरीला लाइट कधी येणार ते विचारायचो आणि संध्याकाळी तनुजाचा अभ्यास घ्यायचो. तनुजा ही त्यांची मुलगी, नववीत शिकणारी. घरात मोबाइल मी एकटाच, त्यामुळे माझा रुबाब विचारू नका.

आता कॅरेटचं सांगतो, कारण सगळी भानगड तिथूनच झाली. आमची भाजी कारंजाच्या मंडीत प्लास्टिकच्या कॅरेटमधून, म्हणजे जाळीदार खोक्यांतून, जाते. तिथे साऱ्या शेतकऱ्यांचे कॅरेट एकावर एक पडतात आणि सगळ्यांचा रंग सारखाच. म्हणून जो तो आपल्या कॅरेटवर ऑइलपेंटने नाव आणि मोबाइल नंबर लिहितो. कॅरेट कुठेही भटकलं तरी फोन येतो, "जगदेवभाऊ, तुमचं कॅरेट आमच्याकडे येऊन पडलं हाय, घेऊन जा." भाऊंनी माझा नंबर लाल रंगात, मोठ्या अक्षरांत लिहिला होता. सगळ्या मंडीत माझा नंबर! छाती असती तर फुगली असती.

एक दिवस तनुजाने माझ्यावर फोटो टाकायच्या ॲपचं खातं उघडलं. तिच्या वर्गातल्या मुलामुलींचा तिथे एक ग्रुप होता. ॲपने पासवर्ड मागितला, तशी तिने पटकन आमचाच मोबाइल नंबर टाकला.

"विसरशील नं?" उज्ज्वलाताईंनी विचारलं.

"आपला नंबर कशी विसरन वो माय?"

विसरायचा प्रश्नच नव्हता. पण तो नंबर आणखी किती जणांना पाठ आहे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

शेजारच्या मळ्यातल्या सीताबाईंची मुलगी साधना ही तनुजाची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच वर्गात. रोज सोबत फाट्यावर जायच्या आणि सोबतच एसटीने कारंजाच्या शाळेत. एकटीला पाठवायचं नाही, हे दोन्ही घरी ठरलेलं होतं. जोडी होती म्हणून शाळा होती, हे लक्षात ठेवा.

तनुजाने एकदा मळ्यात साधनाचा फोटो काढला. डोक्यावर वांग्याची टोपली आणि चेहऱ्यावर दिलखुलास हसू. फार छान आला होता. उगाच सांगत नाही, माझ्या कॅमेऱ्यातून निघालेला तो सर्वांत चांगला फोटो. साधनाला विचारून तनुजाने तो खात्यावर ठेवला.

मग तो मंगळवार आला. सकाळी मी नेहमीप्रमाणे मंडीत, भाऊंच्या खिशात होतो. हर्रास जोरात चालला होता, बोलीवर बोली चढत होती. भाऊ मध्येच मला कानाला लावून फुलचंद व्यापाऱ्याशी मिरचीच्या भावावरून हुज्जत घालत होते. तेवढ्यात मला एकामागून एक थरथर सुटली. ढिगाने मेसेज! भाऊंना वाटलं, बाजारभावाचे असतील. त्यांनी पाहिलंच नाही.

ते बाजारभावाचे नव्हते. तनुजाच्या खात्यावरून वर्गाच्या ग्रुपवर साधनाचा तोच फोटो गेला होता आणि खाली लिहिलं होतं, 'काळं वांगं. कोणी फुकट नेते काय?' त्यावर हसणारी तोंडं आली, आणखी हसणारी तोंडं आली, आणि कोणीकोणी तो फोटो पुढे दुसरीकडेही पाठवला.

त्या दिवशी शाळेत दोघींनाही काही कळलं नाही, फक्त मुलं साधनाकडे पाहून हसत होती. संध्याकाळी सीताबाई स्वतःचा मोबाइल हातात घेऊन तणतणत आमच्या दारात आल्या.

"उज्ज्वला, पाह्य तुह्या पोरीचे कारनामे! माही पोरगी रडून राह्यली सारखी. शाळेत नाही जात म्हणते. तुह्या घरी जेवली ना वो ती, त्याचं हे फळ?"

"काकू, मी नाही टाकला," तनुजा म्हणाली.

"मंग नाव कोणाचं हाय त्याच्यावर?"

नाव तनुजाचंच होतं. तिला पुढे बोलताच येईना. आणि मी? मला सगळं माहीत होतं! तो फोटो माझ्यातून गेलाच नव्हता. ओरडून सांगावं तर मला आवाज आहे तो फक्त दुसऱ्यांचा. असा राग आला, असा राग आला, की वाटलं इथेच तापून बंद पडावं.

जगदेवभाऊंनी सरळ फैसला केला. "साधना नाही जात तं तूबी घरीच राह्य. एकटीले मी पाठवत नाही. अन् मोबाइलले हात लावायचा नाही."

एका फोटोपायी दोन मुलींची शाळा सुटायला आली होती.

दुसऱ्या दिवशी एसटी दोघींना न घेताच गेली. दुपारी तनुजा मला गुपचूप घेऊन गोठ्यामागे बसली. डोळे सुजलेले. खातंच पुसून टाकते, म्हणजे सगळं संपेल, असं तिला वाटत होतं. तिचं बोट खातं पुसायच्या बटणावर गेलंच होतं. नको गं, नको, मी म्हणत होतो, पण ऐकणार कोण?

ऐकलं नाही कोणी, पण उज्ज्वलाताईंनी पाहिलं.

"थांब. काही पुसू नको. पयले मले सांग, तू टाकला काय?"

"नाही वो माय, खरंच नाही."

"मंग काल रातभर गप काहून राह्यली?"

"मले वाटलं, तुमी भरवसा नाही ठेवनार."

ताईंनी मला हातात घेतलं आणि तो मेसेज नीट पाहिला. खाली दिवस होता, वेळही होती. मग त्यांनी मळ्याकडे हाक दिली, "अवो, मंगळवारी सकाळी मोबाइल कोणाजवळ होता?"

"माह्याजवळ. मंडीत. फुलचंदसंग मिरचीचं बोलून राह्यलो होतो ना..." भाऊ बोलता बोलता थांबले. मेसेजची वेळ त्यांनी स्वतः पाहिली आणि पुन्हा पाहिली. "अरे, हे तं हर्रासाच्या टायमाचं हाय! मोबाइल माह्या कानाले होता, मंग पोरीनं टाकला कुठून?"

सुटलो बाप्पा! मी मनातल्या मनात म्हणालो.

पुढच्या सकाळी तनुजासोबत भाऊ शाळेत गेले, मेसेजची वेळ दाखवल्यावर सीताबाईही साधनाला घेऊन आल्या. वर्गशिक्षक मुकेश सरांनी आधी त्या मेसेजचे स्क्रीनशॉट घेतले. मग माझ्यावर खातं उघडून दाखवलं. हे खातं आणखी एका मोबाइलवर उघडलेलं होतं.

"तनुजा, पासवर्ड असा काही होता का, जो दुसऱ्याला सहज समजेल?"

तनुजाने खाली पाहत सांगितलं, "आमचाच नंबर होता, सर."

"अरे बाप्पा," भाऊंनी कपाळाला हात लावला, "तो तं माह्या साऱ्या कॅरेटवर हाय!"

सरांनी तिथल्या तिथे त्या दुसऱ्या मोबाइलवर उघडलेलं खातं बंद केलं आणि तनुजाला स्वतःच्या मनाने नवा पासवर्ड टाकायला सांगितलं. स्वतः तोंड फिरवून उभे राहिले. "मलाही सांगायचा नाही," म्हणाले. "आणि तू हे पुसलं असतंस, तर आज तुझ्या बाजूने बोलायला माझ्याकडे काय उरलं असतं?"

मग आम्ही वर्गात गेलो. सरांनी झालेली गोष्ट शांतपणे सांगितली. दुसऱ्याचं खातं उघडणं हा गुन्हा आहे, पोलिसांचा सायबर विभाग मोबाइल शोधून काढतो, पण त्याआधी मी विचारतो, असं म्हणाले. शेवटी हर्षल उभा राहिला. त्याचे वडील मंडीतले अडते. रिकामे कॅरेट त्यांच्याच अंगणात रचलेले असतात.

"सर, कॅरेटवर नंबर होता. लावून पाह्यला तं खुललं. मी गंमत केली."

साधना उठून उभी राहिली. ती म्हणाली, "गंमत असती तं मीबी हसली असती ना. अन् तू एकट्यानंच टाकला, हसले तं सारे."

हर्षलने साधनाची माफी मागितली, तनुजाचीही मागितली. तो रडला. खोटं रडला नाही, एवढं मी सांगू शकतो. पुढचं काय करायचं ते सरांनी आणि त्याच्या वडिलांनी ठरवलं. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या दिवशी फाट्यावर पुन्हा दोघी उभ्या होत्या. साधना आधी जरा लांब उभी राहिली. एसटी आली तेव्हा तनुजाने खिडकीजवळची जागा धरली आणि ती साधनाला दिली.

आता घरात नवा मोबाइल आला आहे. मला कोणी फारसं विचारत नाही. कधीमधी बॅटरी म्हणून माझा उजेड पाडतात, तेवढंच. तक्रार आहे, पण ती राहू द्या. मित्रांनो, माझं एक ऐका. आपला पासवर्ड असा ठेवा, जो कुठल्याही कॅरेटवर, गाडीवर, पाटीवर लिहिलेला नसेल. काही वाईट आलं तर पुसू नका, उलट शिव्या देऊ नका, घरी सांगा, शाळेत सांगा. घरचे ओरडतील, ओरडू द्या. आणि दुसऱ्याची फजिती तुमच्या मोबाइलवर आली, तर ती तुमच्यापाशीच थांबू द्या.

परवाचीच गोष्ट. भाऊ अंगणात एक हरवलेलं कॅरेट धूत होते. पार जऊळक्याला जाऊन आलं होतं ते, नंबर पाहून कोणीतरी फोन केला होता. तेवढ्यात साधना आली. जऊळक्याला तिची मावशी असते. तिथल्या कोणाच्या तरी मोबाइलवर तोच फोटो, खालच्या त्याच ओळीसकट, मावशीला दिसला होता. साधना रडली नाही. नुसतं सांगितलं आणि तनुजाजवळ जाऊन बसली.

भाऊंनी हातातलं कॅरेट खाली ठेवलं. लाल नंबरावरून ओला हात फिरवला.

"कॅरेट वापस येते, पोरी," ते म्हणाले. "हे नाही येत."