बरा झालेला खांदा

डॉक्टरांना मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, "मला काही शर्यतीत उतरायचं नाही. शिवणाचं मशीन मी डाव्या हातानेही रेटीन. मला माझा मुलगा उचलता आला पाहिजे, बस."

मुलगा म्हणजे तान्हं बाळ नव्हे, चांगला मिशीवाला बाप्या. जन्मापासून त्याचं अंग त्याचं ऐकत नाही. बोलतो ते चार शब्द, तेही ओढूनताणून, पण कळतं सगळं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, तिथून परत पलंगावर, असा त्याचा राजेशाही प्रवास. म्हणून मी त्याला राजे म्हणते. ह्यांची कंबर बस चालवून चालवून कामातून गेलेली, तेव्हा भोई मी एकटीच.

एक हात काखेखाली, एक गुडघ्यांखाली. उचललं की त्याचं डोकं माझ्या गळ्याशी यायचं आणि गरम श्वास कानात. त्याला मिठी मारता येत नाही. तेवढीच आमची मिठी, पण ती रोज उठता-बसता मिळायची. इतर आयांची पोरं मोठी झाली की आईच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत. माझी मात्र चैन होती.

मग एका सकाळी बाथरूमच्या दारात माझ्या खांद्यात कापड टर्रकन फाटावं तसं काहीतरी झालं आणि हातच गळाला. राजे फरशीवर. कपाळ फुटलं. रक्त थोडंच होतं, पण त्याच्या तोंडून आवाज निघेना. नुसता माझ्याकडे बघत राहिला.

स्नायू हाडाला बांधून ठेवणारी दोरी अर्धीअधिक फाटली होती. डॉक्टर म्हणाले, कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढू, यंत्रात फिरवून तिच्यातल्या मूळ पेशींचा भाग वेगळा करू आणि तो खांद्यात टोचू. "खात्री मात्र देत नाही. काहींना गुण येतो, काहींना नाही."

"म्हणजे घरचंच सामान," मी म्हटलं. "उसनं आणायला नको."

मला पालथं झोपवलं. जागा बधिर केली होती, तरी आतून कुणीतरी ओढून घेतंय असं वाटत होतं. नर्सने विचारलं, "दुखतंय का हो?"

"छे, गुदगुल्या होतायत. आणि डॉक्टर, थोडं उरलं तर टाकू नका हं. माझ्या मुलाच्या पायात टोचा."

नर्स हसली. डॉक्टर हसले नाहीत. "बाई, त्याचं दुखणं पायात नाही, मेंदूत आहे. तिथे याचा उपयोग नाही."

मला ते ठाऊक होतं. तरी विचारलं. आईचा जीव, राहवत नाही.

खांदा पट्ट्यात गेल्यावर राजेंना उचलायला माणूस ठेवला. सगळे त्याला भाऊ म्हणतात. धिप्पाड, अबोल, हात मात्र हळुवार. पण राजे त्याच्या हातात ताठ व्हायचे आणि मान माझ्याकडे वळवून रडायचे. मी समोर दिसले की रडणं वाढायचं. म्हणून मी त्या वेळी शिवणाच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची आणि कापड नसतानाही मशीन चालवायची, रडणं कानावर येऊ नये म्हणून. हळूहळू ते थांबलं. मला वाटलं, पोरगं शहाणं झालं.

इकडे व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने माझा घाम काढला. आधी रबराचे पट्टे ताणायचे, पुढे वाळूची पिशवी उचलायची. एकदा पिशवी खाली ठेवताना मी म्हणून गेले, "डोकं सांभाळ रे," तेव्हा ती खो खो हसली. मीही हसले. शेवटी डॉक्टरांनी हात फिरवून, दाबून पाहिला आणि म्हणाले, "आता उचला."

ह्यांनी मुद्दाम सुट्टी घेतली. भाऊ भिंतीशी उभा राहिला. मी पलंगाशी वाकले. "उठा राजे, आई आली."

राजे हसत होते. मी काखेखाली हात घातला आणि हसू गेलं. ज्या बोटांत साधा चमचा राहत नाही, त्या बोटांनी पलंगाची कड घट्ट धरली.

"एक, दोन, साडेमाडे तीन," मी म्हटलं. याला तो लहानपणापासून हसतो, आणि हसला की अंग सैल पडतं. हसला नाही. माझ्याकडे बघेना. मान वळवून त्याने भिंतीकडे पाहिलं.

"भाऊ," तो म्हणाला. अगदी स्पष्ट.

"अरे, आई आहे मी. खांदा बरा झाला आईचा."

"भाऊ."

हे म्हणाले, "अगं, होईल सवय."

भाऊ बिचारा कानकोंडा झाला. "ताई, मी बाहेर थांबू का?"

"नको. घाबरलाय तो. उचला त्याला."

भाऊने उचललं. राजेंचं डोकं त्याच्या गळ्याशी गेलं आणि बोटं सुटली.

नंतरही मी पुष्कळदा हात घालून पाहिला. दरवेळी अंगाचं लाकूड. जबरदस्तीने उचलता आला असता, तेवढी ताकद आता होती. पण भेदरलेल्या लेकराला ओढून मिठी घ्यायची म्हणजे काय? मी नाही घेतली.

परवा तपासणीला गेले. डॉक्टर खुशीत होते. बाकावर एक बाई खांदा धरून बसली होती, तिला म्हणाले, "यांना विचारा. मोठ्या मुलाला उचलतात आता. बाई, हात वर करून दाखवा."

मी हात वर केला, सरळ, कानाला टेकेपर्यंत. आणि सगळ्यांसमोर मला रडू फुटलं.

ती बाई घाबरली. "अगं बाई! अजून दुखतो का हो?"

"नाही हो," मी म्हटलं. "जराही दुखत नाही."