दोऱ्याने बांधायचं झाड

माझ्या बायकोचा मासा मी घालवला. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल उगाच कुणाचा चांगला समज व्हायला नको.

मासा म्हणजे शेठ. नारिंगी गोल्डफिश, आठ वर्षांचा, पोट सुटलेला. सकाळी खाणं द्यायला पाच मिनिटं उशीर झाला, की काचेला तोंड लावून जाब विचारायचा. बायको त्याच्याशी तासन्‌तास बोलायची. मी शिंपी, दिवस जातो मशीनच्या खडखडाटात, आणि त्यातून स्वभाव असा की समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी मला त्याचं उत्तर सापडलेलं असतं. "निदान शेठ मध्ये तोंड घालत नाही," ती म्हणायची.

टाकीत तिला खरी, जिवंत झाडं हवी होती. मी दरवेळी उडवून लावायचो. मासा खाऊन टाकेल, प्लॅस्टिकचं काय वाईट आहे? मग ती दर रविवारी प्लॅस्टिकची झुडपं बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासत बसायची. आठ वर्षं घासली बिचारीने.

लेकीच्या बाळंतपणासाठी ती तीन महिने गेली. जाताना दारातून मागे वळून म्हणाली, "शेठला जपा हं." मला जपायला कुणाला सांगितलं नाही. आठवड्याभरात घर खायला उठलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की ती परत येईल तेव्हा टाकी हिरवीगार असली पाहिजे.

पहिल्यांदा मी पिसांसारखी नाजूक पानं असलेलं झाड आणलं. शेठने दोन दिवसांत फडशा पाडला, काड्या तेवढ्या ठेवल्या. दुसऱ्यांदा रुंद, पोपटी पानांचं आणलं. ते चार दिवस टिकलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा माशांच्या दुकानदाराने मला स्टुलावर बसवलं. माणूस भला, पण बोलणं इतकं सावकाश की एका वाक्यात दोनदा चष्मा पुसून होतो.

"मास्तर, तुम्ही दिसायला छान ते उचलता. कोवळं पान म्हणजे याला वाढून ठेवलेलं ताट. तुम्हाला जाड पानाचं हवं. चिवट, चवीला कडू. हे बघा."

मी पान बोटांत धरून पाहिलं, कापड पाहतो तसं. जाड, गडद हिरवं, ताणलं तरी फाटेना. माल पसंत पडला.

"एकदा तोंडात घेईल अन्‌ थुंकून देईल," तो म्हणाला. "फक्त लावताना एक करा, याचं हे आडवं खोड आहे ना..." आणि त्याने चष्मा काढला.

"अहो, झाड लावायला मला नका शिकवू. गॅलरीत तीस कुंड्या आहेत माझ्या," म्हणत मी पिशवी उचलून बाहेर पडलोसुद्धा.

घरी येऊन ते बोटभर खोड टाकीतल्या खड्यांत खोल पुरलं, वरून अंगठ्याने नीट दाबलं. बायकोला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, पण माझ्या पोटात काही राहत नाही. फोनवर सांगून टाकलं.

"खरंच?" तिचा आवाज असा फुलला की मला वाटलं, हे आठ वर्षांपूर्वीच का नाही केलं! "जाड पानांचं घेतलंत ना? अहो, मग त्याचं ते खोड..."

"ते सगळं मी बघतो. तू बाळाकडे बघ."

पंधरा दिवसांत पानं पिवळी पडायला लागली. एका सकाळी पाहतो तर शेठच्या तोंडात अख्खं पान लोंबतंय. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकं निवडून आणलेलं झाड, आणि हा खादाड ते उपटून खातोय! त्याला बादलीत घातलं आणि खाली दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नेऊन दिलं. तिथे बाकांसमोर मोठी टाकी होती, त्यात दोन पट्टेवाले मासे. झाडाने जीव धरला की परत आणू, असं मी स्वतःला सांगितलं.

शेठ गेला, तरी पानं गळतच राहिली. रोज सकाळी पाण्यावर एक तरंगत असायचं. टाकीत खाणारं कुणी उरलं नव्हतं. पाचव्या दिवशी मी झाड ओढलं, तर ते अलगद हातात आलं. खोडाचा नुसता लगदा झाला होता आणि घाण वास येत होता.

तो लगदा घेऊन मी दुकानदाराकडे गेलो.

"पुरलंत होय?" तो म्हणाला. "खोड उघडं ठेवायचं असतं, मास्तर, नाहीतर कुजतं. दगडावर ठेवून साध्या दोऱ्याने बांधायचं. मी सांगत होतो. तुम्ही थांबलात कुठे?"

दोऱ्याने! माझ्या घरात तीनशे रिळं आहेत.

तिथून मी जवळजवळ धावतच दवाखान्यात गेलो. त्या टाकीत दोघेच फिरत होते. "काका, मी वर येऊन सांगणारच होते," तिथली मदतनीस मान खाली घालून म्हणाली. "तिसऱ्या दिवशीच गेला. या दोघांनी शेपटी कुरतडली त्याची." त्याने कधी कुणाचं काही घेतलं नव्हतं. त्या झाडाचं पानसुद्धा गळलेलंच उचललं असणार.

पुढचा दीड महिना बायको फोनवर विचारायची, "शेठ कसा आहे?" आणि मी म्हणायचो, "मजेत." त्या खोटेपणाची मला आजही शरम वाटते. दुसरं झाड आणलं, दगडावर ठेवलं, काजाच्या हिरव्या दोऱ्याने तीन वेढे देऊन बांधलं. गाठ अशी मारली की दिसू नये. ते लागलं. एकामागून एक नवी पानं आली.

ती आली ती बॅग हातात तशीच धरून टाकीपाशी गेली. झाड पाहून हसली. मग नेहमीसारखी नखाने काचेवर टकटक केली, वाकून झाडामागे पाहिलं. "शेठ?"

मी सगळं सांगितलं. एका दमात, काही न लपवता.

ती स्टुलावर बसली. म्हणाली, "फोनवर मी तेच सांगत होते. खोड पुरू नका म्हणून. मला सगळं पाठ होतं. दर वर्षी त्या दुकानात जाऊन विचारून यायचे, कुठलं झाड तो खाणार नाही, कसं बांधायचं. दगडही धुऊन ठेवला होता, ओट्याखाली आहे बघा. दोरा तुमच्याकडचाच घेणार होते. तुम्ही एकदा हो म्हणायची..."

इथे ती थांबली. सवयीनेच थांबली, मी आता तोडणार म्हणून. मी तोंड उघडलं नाही. वाट पाहत बसलो, पण ती पुढे काही बोललीच नाही.