झालंच समजा

साधन: काम-बंद.
वर्णन, पहिला खर्डा: काम पूर्ण झालं की ते बंद करण्यासाठी हे साधन वापरा.

एवढीच ओळ. तिच्या जोरावर आज सकाळी सदतीस कामं बंद झाली होती.

ओळ लिहिणारीला ऑफिसात सगळे मास्तरीण म्हणत. शाळेत तिने कधी शिकवलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या ईमेलमधलं ऱ्हस्व-दीर्घ सुधारल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. कंपनी लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर बनवायची. कोणाकडे कोणतं काम आहे आणि ते कुठवर आलं, हे संगणकातल्या एका फलकावर नोंदलेलं असे. तो फलक सांभाळायला आता एआय एजंट आणला होता. काम उघडायचं, सोपवायचं, बंद करायचं, अशी अकरा साधनं त्याच्या हाती दिली होती. कोणतं कधी वापरायचं, हे त्याला साधनामागे एक पान असं लिहून देणं मास्तरणीकडे. सहा आठवडे ती तेच करत होती.

"सदतीस!" मॅनेजर टेबलाशी येऊन उभा राहिला. "त्यात दाराची चाचणीसुद्धा. मधे कोणी आलं तर दार मागे सरकतं का, ती. केली नाही कोणी, आणि तुमच्या शहाण्याने काम बंद करून टाकलं."

"तो शहाणाच आहे. मी त्याला अर्धवट सांगितलं."

"पाचपर्यंत ताळ्यावर आणा. नाहीतर तो बंद, आणि तुमची अकराच्या अकरा पानं बासनात."

"चार वाजेपर्यंत आणते."

चूक काय हे तिला अजून कळलं नव्हतं. पण ती आपल्याच पानात आहे एवढं कळलं होतं, आणि स्वतःच्या पानातली चूक तिच्या तावडीतून आजवर सुटली नव्हती.

दुसरा खर्डा: काम खरोखर पूर्ण झालं असेल तरच

खोडला. 'खरोखर' म्हणजे नुसतेच डोळे वटारणं.

तिसरा खर्डा: ज्याच्याकडे काम आहे त्याने तसं लिहिलं असेल तर

पण लिहिलं होतंच की! सगळ्यात जुना प्रोग्रामर, सगळ्यांचा दादा, त्याने दाराच्या कामाखाली शेरा मारला होता: झालंच समजा.

फोन वाजला. वडील.

"बाबा, दुपारची गोळी घेतलीत?"

"घेतलीच समज."

"म्हणजे नाही घेतली."

"अगं, डबी समोर आहे, पाणी ओतून ठेवलंय, आता फक्त—"

"बाबा!" ती एवढ्या आनंदाने ओरडली की पलीकडे ते दचकले. "तुम्ही थोर आहात. आधी गोळी घ्या."

तिने सदतीस कामांखालचे शेरे एका दमात वाचले. झालंच समजा. होतच आलंय. झाल्यात जमा. झालं म्हणा ना. माणसं हे वाचून मान डोलावत आणि मनातल्या मनात आणखी दोन दिवस धरत. एजंटला ते दोन दिवस कोणी सांगितलेच नव्हते.

चौथा खर्डा: काम कोणी तपासलं आणि काय दिसलं, हे शेऱ्यात असेल तर वापरा. 'झालंच', 'होतच आलंय', 'झाल्यात जमा' यांचा इथे अर्थ: झालेलं नाही. असं दिसलं तर काम उघडंच ठेवा आणि ज्याच्याकडे ते आहे त्याला विचारा.

तिने पुन्हा वाचलं आणि 'उघडंच'मधला 'च' काढून टाकला.

"मास्तरीणबाई," मागून दादा वाकून बघत होता, "आमच्या 'च'ने तुमचं काय घोडं मारलंय?"

"थांबा, कळेल."

तिने बंद झालेली सगळी कामं पुन्हा उघडली आणि नवं पान एजंटला दिलं. चार कामं त्याने बंद केली. ती खरंच झाली होती. तेहतीस उघडी राहिली. दादाचा फोन टिंगला: दाराची चाचणी कोणी केली? दार मागे सरकलं का?

दादाने टाइप केलं: करतोच.

टिंग. काम उघडं ठेवलं आहे. केल्यावर काय दिसलं ते लिहा.

अख्खी खोली हसली. दादाने कोपऱ्यातला रिकामा खोका उचलला आणि बडबडत तळमजल्यावर, चाचणीच्या लिफ्टकडे गेला.

परत आला तेव्हा खोका मधोमध चेपलेला होता. त्याने तो मॅनेजरच्या टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: मी तपासलं. दार मागे सरकत नाही.

मॅनेजरने खोक्याच्या चेपलेल्या घडीवरून बोट फिरवलं. घड्याळात चारला पाच कमी होते.

"एजंट बंद करायचा होता ना?" मास्तरणीने विचारलं.

"नको, राहू द्याच."

"च?"

"राहू द्या हो, बाई."