फळ्याची डावी बाजू

मी एक जुना फळा आहे. गिरगावात, खोताच्या वाडीजवळच्या एका चाळीत कमलाकांतांच्या खोलीत भिंतीला टेकून उभा असतो. छप्पन्न सालच्या जानेवारीत शहरात संचारबंदी होती. ट्रामही बंद होत्या. पत्नीला ठेवले होते त्या परळच्या इस्पितळातून कमलाकांत चालत घरी आले.

शेजारच्या यशोदाकाकूंनी विचारले, "सुमतीला उतार आहे ना रे?"

"ती काल सकाळीच गेली, काकू. ताप उतरलाच नाही. निरोप पाठवायला माणूस मिळेना. तिकडेच सगळं करावं लागलं."

चपला न काढताच ते माझ्यासमोर बसले.

मित्रांनो, मला त्यांनीच घडवले. ते रेल्वेच्या कारखान्यात सुतार आहेत. एका मोडीत निघालेल्या दाराच्या सागवानी फळ्या त्यांनी जोडल्या आणि काळा रंग दिला. सुमतीबाईंनी माझ्या मधोमध उभी रेघ ओढली. त्या वाडीतल्या बायका-मुलींना इंग्रजी शिकवत. रोज किंवा नेहमी घडते ते डावीकडे, या क्षणी चालले आहे ते उजवीकडे. उजवी बाजू रोज पुसायची. डावी कधीच नाही.

डावीकडे 'मदर सेल्स फिश' असे एक वाक्य होते. ती मदर म्हणजे मासे विकणाऱ्या सखुबाई. एकदा त्या दारात बसून चहा पीत होत्या. त्यांची मुलगी गुणवंती म्हणाली, "मदर ड्रिंक्स टी."

"आत्ता पितेय ना ती?" सुमतीबाई म्हणाल्या.

"आपण म्हणतोच की, आई काय करते? च्या पिते."

"आपल्यात चालतं. इंग्रजीत नाही चालत."

"मग लवकर लिही गो बाय," सखुबाई म्हणाल्या, "कप रिकामा व्हायच्या आत."

गुणवंतीने उजवीकडे लिहिले, 'मदर इज ड्रिंकिंग टी.' तेवढ्यात कप रिकामा झाला आणि वाक्य पुसावे लागले. मी थक्क झालो. मासे विकणे वर्षभर माझ्या अंगावर राहिले होते आणि चहाचा घोट क्षणभर. दोन्ही खरे होते.

गुणवंतीला नर्स व्हायचे आहे. त्या शिक्षणासाठी मुलाखत इंग्रजीत द्यावी लागते.

अकराव्या दिवशी सुतक फिटले. यशोदाकाकूंनी सारे घर धुऊन काढले. भांडी, पाट, आणि मायेने मलाही. ओले फडके दोन्ही बाजूंवरून फिरले.

कमलाकांत आत आले आणि उभेच राहिले. "काकू, डावी बाजू..."

काकूंच्या हातातले फडके तसेच राहिले. "धूळ होती रे. मला वाटलं, सुतकाचं काही राहायला नको."

"राहू दे. तुम्हाला कुठे ठाऊक होतं?"

काकू गेल्यावर कमलाकांतांनी मला खिडकीपाशी नेले, तिरके धरले. सुमतीबाईंचे एकही अक्षर उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गुणवंती आली. तिने माझ्याकडे पाहिले. "दादा, खडू द्या," म्हणाली. मग डावी बाजू तिने आठवून आठवून भरून काढली. एकतीस वाक्ये. मला माहीत आहे, तेवढीच होती.

"बाईंसारखं अक्षर नाही आलं."

"वाचता येतंय ना? पुरे."

कमलाकांतांना इंग्रजी येत नाही. शिकवणी सुरू झाली की ते जिन्यात जाऊन बसत. त्या दिवशी मात्र रंधा आणि एक फळी घेऊन माझ्यासमोर बसले. "मी काम करतो. तू उजवीकडे लिही." रंधा चालू असेपर्यंत वाक्य राहिले. हात थांबताच तिने पुसले. आता रोज असेच चालते, आणि मला रोज तितकेच नवल वाटते.

मित्रांनो, कुणाचे अक्षर पुसण्याआधी घरात एकदा विचारा. चांगल्या मनाने पुसलेलेही परत येत नाही.

मुलाखत येत्या सोमवारी आहे. गुणवंतीला आता दोन्ही बाजू येतात. इंग्रजीत प्रश्न कसे विचारतात, हा धडा सुमतीबाई नंतर घेणार होत्या. तो राहिला आहे.